ठिबक लावलंय, पण वाफसा बघितला का?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कांदे काढणं, चाळीत भरणं, मग लग्नसराई... एकदा मार्च लागला की आमच्याकडे कीबोर्डवर धूळ बसते ती जूनपर्यंत. आज मात्र लिहायलाच हवं, कारण डोक्यात एक गोष्ट महिनाभर घोळतेय आणि तिच्यावरून माझं एका अत्यंत प्रेमळ माणसाशी भांडण आहे. त्या माणसाला भांडण झालंय हे अजून माहीतच नाही!

झालं असं. मावसभावाच्या साखरपुड्याला नाशिकला गेले होते. जेवणाच्या पंगतीत मामांनी (पुण्याचे, बँकेतून निवृत्त, हा ब्लॉग नेमाने वाचतात) सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या भाचीनं शेतात ठिबक लावलंय बरं का! थेंबन् थेंब वाचवते. इस्रायलसारखं!" सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी हसले, आणखी एक जिलबी घेतली आणि गप्प बसले.

मामा, तेव्हा गप्प बसले त्याचं कारण आता सांगते. ठिबक लावल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही आयुष्यात कधी घातलं नव्हतं एवढं पाणी कांद्याला घातलं. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सासूबाई वस्तीवरच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभ्या होत्या.

तर आजचं लिखाण "ठिबक लावलं म्हणजे पाणी वाचलं" या वाक्याच्या विरोधात. हे वाक्य मामा बोलतात, टीव्हीवरचे पाहुणे बोलतात, पाईप विकणारे बोलतात आणि आम्ही शेतकरीही कॉलर ताठ करून बोलतो. आणि ते अर्धं खोटं आहे.

आधी ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचं गाव येवला तालुक्याच्या पूर्वेकडचं. पालखेडच्या कालव्याचं आवर्तन आमच्या भागापर्यंत पोचत नाही. जे काय ते विहिरीवर. दोन एकर उन्हाळी कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचं, डिसेंबरच्या शेवटी लागण, एप्रिलमध्ये काढणी. हाच कांदा चाळीत टिकतो आणि दिवाळीपर्यंत तुमच्या भेळेत पडतो. (खरिपाचा आणि रांगडा कांदा असा टिकत नाही, तो काढला की विकायचा.)

कांद्याचं एक वैशिष्ट्य आहे. त्याची मुळं भलती आळशी. गहू, कपाशी खोल जाऊन पाणी शोधतात. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतात, आणि त्यांना फाटेही फारसे फुटत नाहीत. म्हणजे वरची माती कोरडी पडली की कांदा लगेच रुसतो, आणि वरची माती चिकचिकीत राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मग कुज आणि करपा. मधेच ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलं तर जोडकांदे निघतात. थोडक्यात, तीन वर्षांच्या मुलाला जेवायला घालण्यासारखं आहे. थोडं थोडं, वेळेवर आणि पोट बघून.

म्हणूनच ठिबक कांद्याला चांगलं. मी ठिबकच्या विरोधात नाही, हे ठळक अक्षरात वाचा! राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, त्यांनी गादीवाफ्यावर ठिबक बसवायची पद्धत छान बसवून दिलेली आहे. १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच वाफा, मधे ४५ सेंटिमीटरची सरी, प्रत्येक वाफ्यावर दोन नळ्या, आणि रोपं १५ बाय १० सेंटिमीटरवर. आम्ही तेच केलं. दोन लिटरचे ड्रीपर, ४० सेंटिमीटरवर एक.

आता गणित करूया. (बी.एस्सी.चा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना.)

वाफा आणि सरी मिळून १६५ सेंटिमीटर, त्यात दोन नळ्या, म्हणजे एका नळीच्या वाट्याला साडेब्याऐंशी सेंटिमीटर रुंदी. दर ४० सेंटिमीटरला तासाला दोन लिटर पाणी. भागाकार केला की उत्तर येतं तासाला साधारण ६ मिलिमीटर. म्हणजे ठिबक एक तास चालवलं की शेतावर ६ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं.

जानेवारीत, लागण नुकतीच झालेली असताना, आमच्याकडच्या थंडीत कांद्याला दिवसाला लागतं किती? जवळजवळ ३ मिलिमीटर. (बाष्पीभवन साधारण ४, आणि लहान रोपांसाठी त्याला ०.७ ने गुणायचं. हा आकडा एफएओच्या १९९८ सालच्या पुस्तिकेत आहे, कुणालाही बघता येतो.) म्हणजे अर्धा तास.

आम्ही किती चालवत होतो? तीन तास. रोज.

१८ मिलिमीटर दिलं, ३ लागले. १५ मिलिमीटर जास्तीचं. एका एकरावर १५ मिलिमीटर म्हणजे साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर. एका एकराला, एका दिवसात! आणि हे आम्ही करत होतो "पाणी वाचवतोय" असं म्हणत.

पहिल्यांदा हा हिशोब वहीवर केला तेव्हा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ह्यांना दाखवला. ह्यांनी दोनदा तपासला आणि काही न बोलता बाहेर जाऊन मोटार बंद केली.

तीन तासच का? कुठल्या पुस्तकात होतं? कुठल्याच नाही. ज्याने संच बसवून दिला त्याने सांगितलं "दोन-तीन तास चालवा", शेजारी तीन तास चालवत होते, आणि पाटाने पाणी भरायची सवय असलेल्या डोळ्यांना शेत "भिजल्यासारखं" दिसत नव्हतं. ठिबकची हीच तर गंमत आहे. ड्रीपरखाली ओल असते, पण मधली वरची माती दुपारपर्यंत पांढरी पडते. ती बघून जीव घाबरा होतो आणि हात व्हॉल्व्हकडे जातो. खाली काय चाललंय ते बघतो कोण?

बघत होते एकच माणूस, आमचे नाना. माझे सासरे. वय वर्षं सत्त्याहत्तर. नळ्या आल्यापासून त्यांनी शेतात लक्ष घालणं सोडलं होतं. "तुमच्या नळ्यांचं तुम्हाला ठाऊक," म्हणायचे आणि बांधावर बसून राहायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारं माणूस, नव्याला विरोध करणारच.

एक दिवस मला हाक मारली. "सूनबाई, इकडं ये. खुरपं आण." दोन ओळींच्या मधे त्यांनी वीतभर खड्डा उकरला. वरचं बोटभर कोरडं, भुरभुरीत. त्याच्याखाली चिखल. मुठीत घेऊन दाबला तर बोटांमधून पाणी आलं. उपटलेल्या रोपाची मुळं पांढरी असायला हवीत, ती पिवळट-तपकिरी. नाना एवढंच म्हणाले, "याला वाफसा कधी आलाच नाही बघ."

वाफसा! शहरातल्या वाचकांनो, हा शब्द नीट ऐका. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जास्तीचं पाणी निचरून जातं, ओल तर असते पण मातीच्या कणांमधे हवाही खेळायला लागते, पायाला चिखल लागत नाही, औत चालतं. मातीच्या त्या अवस्थेला आपल्या आजोबा-पणजोबांनी एक शब्द देऊन ठेवला आहे. पाणी आणि हवा दोन्ही हवंय हे त्या एका शब्दात आलं. पेरणी वाफशावर, कोळपणी वाफशावर. आणि आम्ही काय केलं? हजारो रुपयांच्या नळ्या अंथरल्या आणि वाफसा शब्द घरातून हाकलून दिला. नाना नव्याला विरोध करत नव्हते. आम्ही मातीकडे बघणं बंद केलं होतं, त्याचा त्यांना राग होता.

त्या वर्षी कांदा निघाला तो दिसायला झकास. मोठा, टपोरा. गावात बोलबाला. मग चाळीत भरला. ऑगस्टमध्ये चाळीच्या खालून काळं पाणी यायला लागलं. ज्यांनी सडलेल्या कांद्याचा वास घेतला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. सप्टेंबरात चाळ फोडली तर तिसरा हिस्सा उकिरड्यावर गेला. धाकट्या नणंदेच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्या तिसऱ्या हिश्शात होती. ती भरली शेवटी, सोसायटीचं कर्ज काढून. अजून फिटतंय.

चाळीत कांदा सडायला कारणं बरीच असतात. हवा, पाऊस, चाळीची बांधणी, काढताना झालेली इजा. सगळा दोष पाण्यावर ढकलणार नाही. पण काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडायचं असतं, म्हणजे माना पडतात, वरची सालं सुकतात आणि मान बारीक होऊन बंद होते. हे आम्हालाही माहीत होतं आणि आम्ही तारखेला पाणी तोडलंही होतं! पण तीन महिने तुंबलेली काळी माती दोन आठवड्यांत सुकते थोडीच? नळी बंद होती, कांदा खालून पीतच होता. माना जाड राहिल्या, आणि जाड मानेतून रोग आत शिरतो.

आता ह्यावर लोक जे बोलतात त्याला एकेक उत्तर देते.

"जास्तीचं पाणी खाली मुरून विहिरीतच येतं ना?" हे माझ्या दिराचं लाडकं वाक्य. काही अंशी खरं आहे, हलक्या मुरमाड रानात थोडं पाणी परत येतही असेल. पण जाताना ते युरियातलं नत्र घेऊन जातं. खताचे पैसे आमचे, आणि नत्र मात्र सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात. आणि काळ्या रानात ते धड खालीही जात नाही, मुळांपाशी बसून राहतं. आमच्याकडे एक एकर काळी आहे आणि एक एकर मुरमाड. दोन्हीला एकच वेळ लावत होतो. तापाच्या आणि खोकल्याच्या पेशंटला एकच बाटली!

"मोजत बसायला वेळ कुणाला आहे?" सडका कांदा निवडायला आम्हा चार बायकांना सहा दिवस लागले. तेवढा वेळ होता बरं का सगळ्यांना.

"मग काय, पाटानेच भरायचं का?" नाही हो! पाटाच्या पाण्याने वाफ्याच्या तोंडाशी तळं होतं आणि टोकाला पाणी पोचत नाही. ठिबकची खरी करामत म्हणजे हवं तेवढं, हवं तेव्हा देता येणं. आता किती हवंय हे जर विचारलंच नाही, तर ती करामत वापरली कुठे? ठिबक ही पळी आहे. आमटी किती वाढायची ते पळी ठरवत नाही.

"इस्रायलमध्ये बघा!" मामा, हे तुमच्यासाठी. बघूया की. ठिबकचा उद्योग तिथे सुरू झाला १९६५ साली, हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, सिम्चा ब्लास यांच्या कल्पनेवरून. बरोबर. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९५५ साली, त्या देशाने पाणी मोजायचा कायदा केला होता, आणि १९५९ च्या कायद्याने सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं केलं. म्हणजे मीटर आधी आला, नळी नंतर. आपण नळी आणली आणि मीटरचं नाव काढलं की मोर्चा.

मोर्च्यात मी पण असेन, हेही कबूल करते. आमची मोटार साडेसात एचपीची. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. मला ते हवंच आहे. कांद्याचे भाव बघता बिल भरायचं कुठून? पण परिणाम काय होतो तेही सांगायला हवं. वीज येते कधी दिवसा, कधी रात्री, तिच्या मर्जीने. मोटारीला ऑटो लावलेला. रात्री दोनला वीज आली, मोटार सुरू झाली. थंडीत, बिबट्याच्या भीतीत व्हॉल्व्ह बदलायला कोण उठणार? सकाळपर्यंत एकाच एकराला पाणी. पाणी किती द्यायचं हे आमच्याकडे वीज ठरवते. शेतकऱ्याला आळशी म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. दिवसा, ठरलेल्या वेळी वीज मिळाली तर अर्धा तास ठिबक चालवणं शक्य तरी होईल.

आणि अनुदान. अल्पभूधारकांना केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ५५ टक्के, वर राज्याचा हिस्सा. ते नसतं तर आमच्याकडे नळ्या आल्याच नसत्या, त्यामुळे उपकार विसरत नाही. पण अनुदान ठरतं क्षेत्रावर आणि दोन नळ्यांमधल्या अंतरावर. पाहणीला आलेले साहेब नळ्यांबरोबर फोटो काढून गेले. पाणी किती देता, ओल कशी बघता, हे एका माणसाने विचारलं नाही. हजारो रुपयांचं साहित्य दिलं, तर त्याबरोबर एक दिवस शेतात उभं राहून माती हातात घ्यायला शिकवा ना! आणि ज्याच्याकडे पाणी "वाचतं" तो काय करतो? आणखी अर्धा एकर कांदा लावतो. आम्हीही लावला होता. दीडाचे दोन एकर झाले ते तेव्हाच. विहीर बिचारी तेवढीच.

"भावच नाही तर पाणी मोजून काय करायचं?" हा प्रश्न मात्र कडू आहे, आणि विचारणाऱ्याशी मी वाद घालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ पर्यंत; मग पुन्हा शुल्क, आणि ते पूर्ण उठलं एप्रिल २०२५ मध्ये. लासलगावला ट्रॅक्टर लावून उभं राहायचं आणि दिल्लीत काय ठरलं ते फोनवर वाचायचं. ह्यातलं काहीच आमच्या हातात नाही. पण म्हणूनच तर टिकणारा कांदा हवा! ज्याचा कांदा चाळीत टिकतो तो निदान दोन महिने थांबू शकतो. ज्याचा गळायला लागला, त्याला व्यापारी म्हणेल तो भाव. थांबायची ताकद मला जानेवारीत, त्या व्हॉल्व्हपाशीच मिळवावी लागते.

असो. फार तापले. आता आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे नुसती बडबड केली असं होणार नाही.

हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या नळ्या धुवायच्या, टोकं उघडून. मग मोजपात्र घेऊन ड्रीपरखाली पंधरा मिनिटं. दोन लिटरच्या ड्रीपरने अर्धा लिटर द्यायला हवं. पहिल्या वर्षी पहिल्या नळीला ५२० मिली आलं, शेवटच्या नळीला २८०. आमचं पाणी क्षाराचं, तोट्या बुजतात. एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला उपास, आणि आम्ही उपाशी टोक बघून सगळ्यांचा वेळ वाढवत होतो!

दुसरं, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टी आकाराची मूठ लावून घेतलेली सळई. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. पाणी दिल्यावर काही तासांनी खुपसायची. वीत-सव्वा वीत गेली तर पुरे. हातभर गेली तर उद्या सुट्टी.

तिसरं, मूठ. वीतभर खालची माती घेऊन दाबायची. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा. पाणी सुटलं तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. लाडूच झाला नाही तर आज पाणी. ओल मोजायचं यंत्रही मिळतं, टेन्शिओमीटर. घेता आलं तर जरूर घ्या. पण मूठ फुकट आहे.

चौथं, वही. तारीख, मिनिटं, सळई किती गेली. आता जानेवारीत काळ्या रानाला दिवसाआड एक तास, मुरमाडाला रोज अर्धा. मार्चच्या मध्यात, कांदा पोसताना, रोज तास-सव्वातास. आणि काळ्या रानाचं पाणी मुरमाडाच्या पाच-सहा दिवस आधी तोडायचं.

सळईचं काम नानांकडे आहे. रोज सकाळी टोपी घालून निघतात आणि आल्यावर वहीत आकडे सांगतात. लिहायचं माझ्याकडे, कारण त्यांना चष्मा सापडत नाही (म्हणे).

चमत्कार वगैरे झाला नाही. मागच्या हंगामात विहीर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरली, पूर्वी एप्रिलच्या सुरुवातीलाच तळ दिसायचा. कांदा आकाराने थोडा कमी भरला, त्यावरून शेजाऱ्यांनी चिडवलंही. चाळीत सड झालीच, पण ती पाट्यांनी मोजता आली, ट्रॉलीने नाही. टँकर तरीही आला. विहीर काही आमच्या एकट्याच्या वहीवर चालत नाही.

तेव्हा मामा, पुढच्या वेळी पंगतीत सांगायचंच असेल तर "भाचीनं ठिबक लावलंय" असं सांगू नका. "भाचीचे सासरे रोज माती बघतात," असं सांगा. आणि दिवाळीला याल तेव्हा जुने बूट आणा, सळई तुमच्या हातात देणार आहे!

ता.क. मावशी, कांदे पाठवलेत. वरचे आधी वापर. आणि फ्रीजमध्ये ठेवू नकोस गं, किती वेळा सांगायचं!